कारकुनाचे प्रेम

नातवाशी गट्टी जमल्यावर आजोबांची ओळख व्हावी, तसे माझे एका चित्रपटाच्या बाबतीत झाले. नोरा एफ्रन यांचा १९९८ सालचा ‘यू हॅव गॉट मेल’ मी इतक्या वेळा पाहिला होता की त्यातला कुत्राही ओळखीचा वाटू लागला होता. तो ज्यावर बेतला आहे तो अर्न्स्ट लुबिट्श यांचा १९४० सालचा ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ मात्र अगदी अलीकडे पाहिला, आणि नातवाचे नाकडोळे कुणावर गेले आहेत ते कळले. आजोबांचे काय त्याच्याकडे आलेले नाही, हेही तेव्हाच कळले.

गोष्ट दोन्हीकडे एकच आहे. दोन माणसे समोरासमोर एकमेकांना पाण्यात पाहतात आणि नावगाव ठाऊक नसताना पत्रांतून मात्र एकमेकांवर जीव टाकतात. मिक्लोश लास्लो या हंगेरियन लेखकाच्या नाटकातून ती लुबिट्श यांच्याकडे आली. त्यांनी ती बुडापेस्टमधल्या चामडी वस्तूंच्या दुकानात घडवली, तर एफ्रन यांनी न्यूयॉर्कला नेऊन पत्रांच्या जागी ई-मेल आणली आणि नायिकेच्या पुस्तकांच्या दुकानाला जुन्या चित्रपटाचेच नाव देऊन ऋणही मान्य केले.

जुन्या चित्रपटातले माझे सर्वांत लाडके संभाषण प्रेमाचे नसून घरखर्चाचे आहे. लग्नाचा विचार मनात घोळत असलेला क्रालिक (जेम्स स्टुअर्ट) आपल्या वयस्क सहकाऱ्याला, पिरोविचला, दोघांचा संसार किती पैशांत होईल असे विचारतो. जेवणाची वेगळी खोली कशाला हवी, पाहुण्यांना जेवायला बोलावायचे आहे का, खरा मित्र असेल तर तो जेवणानंतरच येईल, असा हिशेब पिरोविच मांडतो. वन रूम किचनमध्ये संसार केलेल्या कुणालाही यातला विनोद समजावून सांगावा लागणार नाही. लुबिट्श स्वतः बर्लिनमधल्या शिंप्याचा मुलगा. गल्ल्यामागे उभे राहणाऱ्याच्या मनात दिवसभर काय चालते हे त्यांना ऐकीव नव्हते.

म्हणूनच दोन्ही चित्रपटांतला कॅफेचा प्रसंग शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. जुन्यात क्रालिकच्याच दुकानात काम करणारी क्लारा (मार्गारेट सुलवन) ‘अ‍ॅना कॅरेनिना’ आणि खुणेचे फूल घेऊन अनोळखी प्रियकराची वाट पाहत बसली आहे. आपल्या बायकोशी त्याचे संबंध असल्याच्या खोट्या संशयावरून मालकाने क्रालिकला त्याच दिवशी कामावरून काढले आहे, आणि पत्रातली ती हीच हे त्याला नुकतेच काचेतून कळले आहे. त्याला ती तोंडावर क्षुद्र कारकून म्हणते. वर्षानुवर्षे जी नोकरी इमानाने केली ती हातची गेलेली, त्यात ज्या बाईने आपल्या पत्रांवर प्रेम केले तिच्याच तोंडी ही शिवी. स्टुअर्टचा चेहरा त्या क्षणी जे करतो त्याला अभिनय म्हणणे जड जाते. नव्या चित्रपटात मेग रायन टॉम हँक्सला ‘तू नुसता एक सूट आहेस’ अशा अर्थाचे सुनावते. वाक्य धारदार आहे, पण पुस्तकांच्या भल्यामोठ्या साखळी दुकानांच्या धन्याला त्याने फार तर ओरखडा उठतो.

जुन्या चित्रपटात त्यानंतरचे एक दृश्य आहे, पुरते अर्ध्या मिनिटाचेही नसेल. कॅमेरा टपालाच्या २३७ क्रमांकाच्या खणात आत बसलेला आहे. बाहेरून हातमोजा घातलेला हात येतो, रिकामा खण चाचपतो, कोपरे तपासतो आणि मागे जातो. मग क्लाराचा चेहरा त्या चौकटीत वाकून पाहतो. ई-मेलच्या चित्रपटाला याची बरोबरी करणे शक्यच नव्हते, आणि त्याबद्दल एफ्रन यांना दोष देण्यात अर्थ नाही. मोडेमचा तो खरखरणारा आवाज मात्र आज बुडापेस्टच्या टपालखणापेक्षाही जुनाट वाटतो.

मला खटकते ते वेगळेच. नव्या चित्रपटात नायकच नायिकेचे, तिच्या आईने उभारलेले दुकान बंद पाडतो, दारावरची घंटी काढून घेऊन ती निघते, तिचा एक सहकारी तर त्या मोठ्या दुकानातच नोकरीला लागतो, आणि तरी शेवटी बागेत तिने डोळे पुसत हसावे अशी चित्रपटाची अपेक्षा असते. मेग रायन इतकी गोड हसते की मीही प्रत्येक वेळी फसतो.

जुन्यातला मालक मातुशेक बायकोपायी आत्महत्येच्या टोकाला जाऊन वाचलेला आहे. नाताळच्या आदल्या रात्री, भरघोस विक्रीनंतर, तो दुकानाबाहेर बर्फात उभा राहून एकेका नोकराला आज कुठे जेवणार म्हणून विचारतो. प्रत्येकाला घर आहे, कुणीतरी वाट पाहत आहे. शेवटी बाहेर पडतो तो नवा पोऱ्या, ज्याचे या शहरात कुणीच नाही. मातुशेक त्याला गरम सूप, भाजलेले हंस, काकडीची कोशिंबीर असे एकेक पदार्थ रंगवून सांगू लागतो, पोऱ्याचे डोळे मोठे होत जातात, आणि दोघे जेवायला निघतात.