आईचं घर रिकामं करताना काय कुठे दिलं

आईची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली. पुण्यात सध्या कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर कुठेही बघा, जुन्या तीन-चार मजली बिल्डिंगा एकेक करून रिकाम्या होतायत आणि प्रत्येक घरात एकच प्रश्न, एवढ्या वर्षांचा संसार भाड्याच्या वन बीएचकेत मावणार कसा. बऱ्याच जणांनी शेवटच्या आठवड्यात टेम्पो बोलावला, सगळं घेऊन जा म्हणाले आणि मोकळे झाले. आईच्या बिल्डिंगखाली गाद्या, देवांचे फोटो, औषधांच्या पिशव्या, फुटक्या ट्यूबलाइट सगळं एकाच ढिगात पडलेलं बघितलं आणि मला खरंच फार वाईट वाटलं. तेव्हाच दादाला म्हटलं, आपण खोलीखोलीने करू आणि कुठलीही वस्तू दाराबाहेर जायच्या आधी ती कुणाच्या हातात जाणार ते ठरवू. घर आवरण्याबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात काय ठेवायचं आणि काय काढायचं याचीच चर्चा असते, काढलेलं पुढे कुठे जातं ते कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते मोठं काम तेच आहे.

सुरुवात माळ्यापासून केली, कारण तिथल्या वस्तूंत कुणाचा जीव अडकलेला नसतो. मिक्सरचे खोके, थर्माकोल, जुना डबा टीव्ही, टेपरेकॉर्डर, चार्जरच्या वायरींचा गुंता. इलेक्ट्रिकचं सगळं आम्ही एका बाजूला काढलं आणि नेहमीच्या भंगारवाल्याला दिलं नाही. डबा टीव्हीच्या काचेत शिसं असतं, आणि भंगारात गेलेल्या वायरींचं पुढे बऱ्याचदा काय होतं तर तांबं काढायला त्या उघड्यावर जाळतात, तो धूर तिथे काम करणाऱ्या माणसांच्या छातीत जातो. पुण्यात स्वच्छ संस्थेची व्ही-कलेक्ट नावाची सेवा आहे, ती ई-वेस्ट, जुने कपडे वगैरे वेगळं घेते. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, १९९३ मध्ये कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली आणि त्यातूनच पुढे स्वच्छ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था झाली. रोज दारात कचरा घ्यायला येणाऱ्या ताई त्याच संस्थेच्या. सुका कचरा विकून येणारे पैसे त्यांचे असतात, म्हणून रद्दी, पुठ्ठे, बाटल्या हे सगळं आम्ही बाहेर न विकता त्यांनाच दिलं, कोरडं आणि बांधून.

एक महत्त्वाचं, जुन्या मोबाईलची फुगलेली बॅटरी कधीही सुक्या कचऱ्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली की पेट घेऊ शकते.

स्वयंपाकघराला सगळ्यात जास्त वेळ लागला. प्लॅस्टिकचे डबे, झाकण हरवलेल्या बरण्या, कुकरच्या जुन्या रिंगा, कोटिंग उडालेले तवे यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. पण भांडी! आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ना, तेच आईला एकेक वाचून दाखवत होते. एका पितळी डब्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, मावशीकडून लग्नाप्रीत्यर्थ सप्रेम भेट, खाली तारीख, आणि त्यातलं 'प्री' घासून घासून जवळजवळ पुसलं गेलेलं. डबा हातात घेतला की आई अंगठा त्या अक्षरांवरून फिरवायची आणि तो कुठल्या लग्नातला, कुणी दिला, त्या बाई आता कुठे असतात हे सगळं सांगायची. घाई केली नाही. ज्या भांड्यावर ज्यांचं नाव, ते त्यांच्या मुलांना किंवा सुनांना विचारून परत द्यायचं ठरवलं, आणि सांगायला आनंद वाटतो की बहुतेकांनी घेतलं. मावसबहीण तर तो डबा घ्यायला स्वतः आली.

उरलेलं तांब्या-पितळेचं मोडीत द्यायचं झालं तर दोन गोष्टी करा. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, स्टील घरीच वेगळं करून वजन करून ठेवा, कारण सगळ्यांचे भाव वेगळे असतात, तांब्याचा पितळेपेक्षा बराच जास्त, आणि एकत्र दिलं की सगळ्याला स्वस्तातला भाव लागतो. दुसरं म्हणजे, चांगलं जाड भांडं मोडीत घालायच्या आधी एकदा कसबा पेठेत तांबट आळीत जाऊन या. तिथे अजून हातोडीने मठारकाम करणारी माणसं आहेत. घंगाळाचा पोचा काढून ते परत उभं राहू शकतं, पितळी पातेल्याला कल्हई करून ते पुन्हा स्वयंपाकात येऊ शकतं. आमचा बंब मात्र गेला, तळ पूर्ण झिजला होता, आणि भाड्याच्या घरात बंब पेटवणार कुठे. पाटा-वरवंटा मी माझ्याकडे आणला, दादाने जातं गावाला नेलं.

दुसरं गॅस कनेक्शन होतं ते सरेंडर केलं. सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करायचे, आणि मूळ सबस्क्रिप्शन व्हाउचर असलं की डिपॉझिट परत मिळतं. ते व्हाउचर आम्हाला बाबांच्या फाइलीत सापडलं, म्हणूनच कागदपत्रांबद्दल जरा सविस्तर लिहिते.

कागदांना हात लावायच्या आधी बाकी सगळं थांबवा आणि एक आख्खी दुपार द्या. वहिनीने आणि मी जमिनीवर सतरंजी टाकून एकेक फाइल उघडली. लाइटबिलं, जुनी पासबुकं, वॉरंटी कार्डं यांचे बारीक तुकडे केले, त्यांवर अकाउंट नंबर, पत्ता, सही सगळं असतं, ते जसंच्या तसं रद्दीत द्यायचं नाही. खरेदीखत, इंडेक्स टू म्हणजे त्याच्या नोंदणीचा उतारा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट हे तर रीडेव्हलपमेंटला लागतंच, ते आधीच बाहेर काढून स्कॅन केलं. आणि मग एका पिवळ्या पाकिटात बाबांनी घेतलेले कंपन्यांचे कागदी शेअर निघाले. असे कागद कृपा करून जुने म्हणून फाडू नका. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर तसेच विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, पण वारसांना ते आपल्या नावावर करून डीमॅटमध्ये, म्हणजे शेअरच्या ऑनलाइन खात्यात, घेता येतात. सलग सात वर्षं डिव्हिडंड कुणी घेतला नसेल तर शेअर आयईपीएफ या सरकारी फंडाकडे जातात, पण तिथूनही क्लेम करून परत मिळवता येतात. वेळ लागतो, कागद लागतात, पण मिळतात.

फाइलींच्या ट्रंकेत तळाशी मोडी लिपीतले काही कागद होते, आजोबांच्याही आधीचे. आम्हाला कुणालाच वाचता येत नाहीत. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं ते अशाच घराघरांत पडलेल्या दप्तरांसाठी, आणि ते सदाशिव पेठेतच आहे, तर रद्दीत घालायच्या आधी एकदा जाणकाराला दाखवायला काय हरकत आहे? दादा घेऊन जाणार आहे.

बेडरूममध्ये कपाट आणि गाद्या. पूर्वी बोहारीण यायची, टोपलीत स्टीलची भांडी आणि खांद्यावर गाठोडं, आई तिच्याशी तासभर घासाघीस करायची. आमच्या भागात आता येत नाही. सुती साड्या गोधड्यांसाठी काढल्या, गावाकडे शिवून देणाऱ्या बायका आहेत, एका गोधडीला चार-पाच साड्या सहज लागतात. घालण्यासारखे कपडे धुवून, बटणं लावून, इस्त्री करून गूंजसाठी दिले, ही संस्था १९९९ पासून याच कामात आहे आणि अगदी विरलेल्या सुती कापडाचेही ते लोक सॅनिटरी पॅड करतात. पण फाटकं-मळकं गाठोडं दान म्हणून कुणाच्या गळ्यात मारू नका, घेणाऱ्यालाही मान असतो. जुन्या शालूची जर तपासून घ्या, पूर्वीच्या जरीत खरी चांदी असायची. आणि कापसाची गादी कधीच टाकू नका, गादीवाल्याकडे दिली की तो कापूस पिंजून त्याच कापसाची नवी गादी करून देतो. आईच्या दोन गाद्यांतून एक गादी आणि चार उशा झाल्या. फोमच्या गादीचं असं काही करता येत नाही, ती आमच्याकडे शेवटपर्यंत अडून राहिली.

बाबांच्या आजारपणातलं सामान काढणं अवघड गेलं. वॉकर, कमोडची खुर्ची, न फोडलेली डायपरची पाकिटं. हे सगळं रुग्णोपयोगी साहित्य केंद्रात दिलं, बऱ्याच शहरांत अशी केंद्रं आहेत, गरजूंना वॉकर, पलंग वगैरे नाममात्र भाड्याने मिळतं. आमच्याही वेळेला तिथूनच आणलं होतं. मुदत संपलेली औषधं बेसिनमध्ये किंवा संडासात ओतू नका, ती घरगुती घातक कचऱ्यात येतात, तसंच सीएफएल, बॅटरी सेल, रंगाचे डबे, कीटकनाशकं आणि पाऱ्याचा थर्मामीटर. आम्ही पट्ट्या कात्रीने कापल्या, वेगळ्या पिशवीत भरल्या, वर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि ताईंच्या हातात सांगून दिल्या. काच असेल ती कागदात गुंडाळून, वर लिहून. हात त्यांचे कापतात.

देवघराचं काय करायचं यावर आई गप्प होती. कॅलेंडरं, लग्नपत्रिकांवरचे गणपती, काच तडकलेले फोटो. झाडाखाली किंवा नदीवर ठेवून यायला ती तयार नव्हती, आणि मला त्याचं बरं वाटलं. नाशिकला संपूर्णम सेवा फाउंडेशन जुने देवांचे फोटो आणि मूर्ती विधीपूर्वक गोळा करतं, तिथे राहणाऱ्यांना सोपं आहे. आम्ही घरीच केलं: आईने आधी प्रत्येक फोटोला हळदकुंकू लावून नमस्कार केला, मग चौकट, काच, कागद वेगळं केलं, साधा कागद बादलीत भिजवून त्याचा लगदा कुंड्यांत घातला. टाक आणि बाळकृष्ण अर्थातच आईबरोबर नव्या जागेत.

बाथरूम आणि बाल्कनी अर्ध्या दिवसात उरकली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. कुंड्या शेजारच्या काकूंनी नेल्या.

आता पायाचं शिवणयंत्र तेवढं राहिलंय. चालू आहे, दादाने तेलपाणी केलंय, फक्त चामडी पट्टा नवा टाकावा लागेल. आईला ते विकायचं नाही, ज्या बाईला शिवणावर चार पैसे मिळवायचेत तिलाच द्यायचंय. कोथरूडच्या आसपास कुणी अशी माहीत असेल तर सांगा, टेम्पोचं भाडं आम्ही देऊ, पट्टाही घालून देऊ. महिनाअखेरपर्यंत चावी द्यायची आहे.