आवाज गेला नव्हता

थेटरात आवाज गेला की काय होतं, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. पाच सेकंदांच्या आत पहिली शिट्टी. मग खुर्च्या आपटायला सुरुवात. मग ‘ए ऑपरेटर, झोपला का रं!’ आणि त्यापुढे आमच्या आईबापाचा उद्धार. १९८९ साली मी तालुक्याच्या गावातल्या एकपडदा थेटरात रिळांच्या पेट्या उचलायला लागलो, तेव्हापासून ह्या पाच सेकंदांची धास्ती अंगात मुरलेली आहे.

म्हणून २९ एप्रिल २०१६ च्या शुक्रवारी, बाराच्या खेळाला, ‘सैराट’ संपत आलेला असताना केबिनमधला छोटा स्पीकर एकदम गप्प झाला, तेव्हा माझे हात माझ्याआधी हलले. प्रोसेसरचा आवाज आमच्याकडे साडेपाचावर ठेवलेला असतो. खरं तर सिनेमावाले मिक्सिंग करतात ते सातावर, पण जुने स्पीकर सातावर फाटतात आणि मालकांना शेजारच्या दवाखान्याची तक्रार नको असते, म्हणून साडेपाच. मी तो सातावर नेला, अॅम्प्लिफायरच्या तारा चाचपल्या, मागच्या बाजूला वाकून बघितलं. दिवे चालू होते, पण सुई हलत नव्हती. पडद्यावर चित्र चालू होतं. मूल रडत होतं आणि रडण्याचा आवाज नव्हता.

आणि शिट्टी आली नाही. खालून कुणी ओरडलं नाही. पाचशेच्या वर माणसं बसलेली आणि मला भिंतीवरच्या एक्झॉस्ट फॅनची घरघर ऐकू येत होती. तेव्हा कळलं की आवाज गेलेला नाही, तो काढून घेतलेला आहे. हात तसाच बटणावर ठेवून मी झरोक्याशी उभा राहिलो. रक्तात भरलेली ती इवली पावलं दारातून बाहेर पडली, नावं सुरू झाली, तीही मुकीच.

मला आधी का माहीत नव्हतं, असं कुणी विचारेल. पूर्वी पेटी आदल्या रात्री यायची. रिळं तपासताना, जोड लावताना निम्मा सिनेमा हाताखालून जायचा. आता सिनेमा सर्व्हरमध्ये येतो आणि तो उघडायची किल्ली ठरल्या वेळेपासूनच चालते. पहिल्या खेळाला मी प्रेक्षकांइतकाच कोरा असतो. ही गोष्ट मला अजून खटकते. ज्याच्या हातात पाचशे माणसांचा अंधार आहे, त्याला तरी पुढे काय येणार ते ठाऊक असावं.

त्याच खेळात दोन तास आधी ‘झिंगाट’ला पोरं पडद्यासमोरच्या मोकळ्या जागेत नाचली होती. चिल्लर उडाली, दोन खुर्च्यांचे हात तुटले. तीच पोरं खाली मान घालून बाहेर पडताना बघितली. एकमेकांच्या पाठीवर थाप नाही, सिगारेट नाही. सायकलस्टँडवाला मला विचारायला आला, की आत भांडण झालं का.

पुढचे अकरा आठवडे आमच्याकडे तो सिनेमा होता. रोज चार खेळ, सुट्टीत कधी पाच. तो शेवट मी किती वेळा बघितला त्याचा हिशेब नाही. दुसऱ्या आठवड्यापासून तर पडदा बघितलाच नाही, माणसं बघितली. केबिनच्या झरोक्यातून खालच्या वर्गातली डोकी दिसतात आणि पडद्यावर उजेड असला की बाल्कनीतले चेहरेही बाजूने दिसतात. भुताच्या सिनेमात ही सोय नसते, पडदाच काळा. तिथे कानांवर काम चालतं. रामसे बंधूंच्या भुतांपासून मी ऐकत आलोय. आधी शांतता, मग दाणकन आवाज, मग सगळं थेटर एका दमात किंचाळतं आणि लगेच हसतं. तो दणका नीट बसला तर श्रेय थोडं आमचंही असतं. शांततेत अर्धं घर आवाज खाली आणि दणक्याला वर, अशी कारागिरी मी बरीच वर्षं केली आहे, कुणी न सांगता. भुताला घाबरणारा माणूस डोळे झाकतो. त्याने कान झाकावेत, भीती सगळी तिथूनच येते.

रडण्याचंही तसंच. १९९१ साली ‘माहेरची साडी’ लागला तेव्हा बायका गावोगावहून ट्रॅक्टरमधून यायच्या. हुंदके केबिनच्या काचेतून आत यायचे. पण त्या रडण्यात एक सोबत होती. शेजारणीचा पदर शेजारणीला, आणि इंटरव्हलला भजी. बाहेर पडताना चेहरे धुतल्यासारखे मोकळे असायचे.

‘सैराट’मध्ये हे काहीच लागू पडेना. भाऊ आणि त्याच्याबरोबरची माणसं आईने दिलेल्या वस्तू घेऊन जातीबाहेर पळून लग्न केलेल्या बहिणीच्या घरी येतात ना, तिला आणि तिच्या नवऱ्याला मारून टाकायच्या आधी, तिथे वयस्क बायकांचे खांदे सैल पडायचे. एक म्हातारी तर मोठ्याने म्हणाली, ‘झालं बाई एकदाचं, आईला माया आली.’ आणि त्याच क्षणी विशी-पंचविशीतली पोरं ताठ व्हायची. अंधारात मोबाइल पेटू लागायचे. मला आधी राग यायचा, मग लक्षात आलं की कुणी फोन करत नाहीये, मेसेज वाचत नाहीये. नुसता उजेड हातात धरून बसलेत. लहान पोरं पडद्यावरच्या बाळाला बघून खुदकन हसायची, मग आईकडे वळून बघायची, आणि आईचा चेहरा बघितल्यावर गप्प व्हायची. पडद्यावर काय झालं ते त्यांना आईच्या तोंडावरून कळायचं. बर्लिनच्या महोत्सवात त्याच वर्षी हा सिनेमा दाखवला तो चौदा वर्षांवरच्या मुलांच्या विभागात. आमच्याकडे गाणी ऐकून लोक कडेवरची पोरं घेऊन येत होते आणि बुकिंगच्या खिडकीवर कुणी एका शब्दाने सांगत नव्हतं. मी दोनदा बोललो. ‘तिकीट खपतंय तर तुमचं काय जातं,’ एवढंच उत्तर मिळालं.

आणि मॅनेजरशी दुसरं भांडण दिव्यांवरून होतं. सिनेमा १७४ मिनिटांचा. इंटरव्हल धरला की तीन तास उलटून जातात. आमचे खेळ बारा, तीन, सहा, नऊ. म्हणजे प्रत्येक खेळ पुढच्याची वेळ खायचा आणि रात्रीचा साडेनऊ-पावणेदहाला सुरू व्हायचा. जाहिरातींच्या स्लाइड काढल्या, इंटरव्हल सात मिनिटांवर आणला, तरी जमेना. त्यामुळे हुकूम असा, की पहिलं नाव पडद्यावर आलं की सगळे दिवे लावायचे आणि दारं उघडायची. माणसं डोळे पुसत असायची आणि वरून भसकन ट्यूबलाइट. पुरुष तर मार खाल्ल्यासारखे तोंड फिरवायचे.

हे सगळं सांगितलं, पण लिहायला बसलो ते तिसऱ्या आठवड्यातल्या एका सहाच्या खेळासाठी.

त्या दिवशी बाल्कनी भरलेली होती. शेवटचं मुकं दृश्य सुरू झालं, नेहमीची ती शांतता पडली. फॅनची घरघर. आणि त्यात एक पुरुषी आवाज आला, मोठा नाही, घरात बोलावं तसा.

‘बरं केलं.’

एरवी पार्श्वसंगीतात अशी वाक्यं बुडून जातात. कितीतरी खेळांना कुणी ना कुणी ते म्हणालंही असेल. पण इथे बुडवायला काही नव्हतं, ते वाक्य पार पडद्यापर्यंत गेलं असणार. कुणी त्याला गप्प केलं नाही. दोघे-तिघे पुटपुटले, हसल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. आवाज कुणाचा ते मी ओळखलं. समोरच्या पेठेत त्याचं दुकान आहे, माझ्याकडे उधारीची वही आहे त्याची. सोनई आणि खर्डा ही गावं आमच्यापासून फार लांब नाहीत. २०१३ आणि २०१४ मध्ये तिथे जातीबाहेरच्या प्रेमाच्या संशयावरून दलित पोरांचे खून झाले, ते त्या बाल्कनीत बसलेल्या प्रत्येकाने पेपरात वाचलेलं होतं.

मी दिवे लावले. माणसं निघाली. आमचे डोअरकीपर मामा वर आले आणि म्हणाले, ‘एक जोडपं उठत नाही.’

शेवटच्या रांगेत, माझ्या भिंतीला टेकून, बाविशीची मुलगी बसली होती. नवरा उभा, त्याच्या खांद्यावर सहा-सात महिन्यांचं मूल झोपलेलं. ती रडत नव्हती. खुर्चीचा लाकडी हात दोन्ही मुठींनी धरून बसली होती, बोटांची पेरं पांढरी पडलेली. तुटल्यावर आमच्या सुताराने नवीन बसवलेला हात होता तो, रंगसुद्धा दिलेला नव्हता. मामा म्हणाले, ‘ताई, पुढचा खेळ आहे.’ नवरा म्हणाला, ‘जरा बसू द्या काका, तिला बरं नाही.’ मी पाणी आणून दिलं. तिने ते घेतलं आणि विचारलं,

‘दादा, खाली ती माणसं गेली का?’

मला वाटलं, डोळे सुजलेत, गर्दीसमोर जायचं नसेल. असं बऱ्याच बायका करायच्या, खांबाआड थांबायच्या. मी म्हटलं, सगळे जाईपर्यंत थांबा. ती म्हणाली, ‘दुसरीकडनं वाट आहे का?’

वाट होती. केबिनला स्वतंत्र लोखंडी जिना असतो, आग लागली तर ऑपरेटरला बाहेर पडता यावं म्हणून. दिल्लीच्या उपहार थेटरात १९९७ साली ५९ माणसं गेली, त्यानंतर काही वर्षं तपासणीवाले दारं बघायला नेमाने यायचे. पुढे सगळं ढिलं पडलं. आमच्या जिन्याच्या दाराला साखळी होती, कारण खालून पोरं फुकट चढतात. मी किल्ली आणली. केबिनमधून जाताना मुलगी मशिनपाशी थांबली. गरम हवेचा पाइप, सर्व्हरचा निळा दिवा, झरोका. तिने झरोक्यातून रिकामं थेटर बघितलं.

‘तुम्ही रोज बघता?’

‘रोज चार वेळा.’

‘म्हणजे शेवट माहीत असतो तुम्हाला. तरी लावता.’

तिने हे रागाने विचारलं नाही. मी म्हटलं, ‘काम आहे ताई माझं.’ इतकी वर्षं झाली, ह्या उत्तराची मला लाज वाटते. दुसरं काय म्हणायला हवं होतं ते मात्र अजून सापडलेलं नाही. सिनेमाने लपवलेलं ते उघडं केलं, लावायलाच हवा होता, असं मी मनापासून मानतो. पण हे तिला तोंडावर सांगण्याजोगं होतं का?

नवरा आधी उतरला, पोराचं डोकं हाताने झाकून. खाली बोळात उभं राहून त्याने दोन्हीकडे बघितलं, मग तिला खूण केली. एसटी स्टँड डावीकडे आहे, ते उजवीकडे गेले.

रात्री नऊचा खेळ चालू असताना मला ते ‘बरं केलं’ आठवलं, आणि ते तिच्या किती जवळून आलं होतं तेही. फक्त दोन रांगा पुढे. ‘ती माणसं’ म्हणजे कोण, ते मी तिला विचारलंच नव्हतं.

मामा म्हणतात, तू उगाच गोष्ट रचतोस. मूल लहान, उकाडा, पोरगी घाबरली, एवढंच. मामांचं बरोबर असेलही. पळून आलेली माणसं शहरात जातील, आमच्या गावात सिनेमा बघायला कशाला येतील, हे त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही. पण मामांनी आणखी एक वाक्य वापरलं: ‘आणि तो काय वाईट माणूस नाही, बोलून गेला असेल.’ त्यावरून आम्ही दोघं चार दिवस एकमेकांशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी दोन गोष्टी केल्या. नावं संपेपर्यंत दिवे लावायचं बंद केलं. मॅनेजरने फोनवर फोन केले, मी डिमर बिघडलाय म्हणून सांगितलं आणि सिनेमा उतरेपर्यंत तो बिघडलेलाच ठेवला. त्या दोन-अडीच मिनिटांत माणसं अंधारात आपापलं आवरून घ्यायची. काही पुरुष तोंडावर रुमाल धरायचे, आणि उजेड होईपर्यंत तो खिशात गेलेला असायचा. दुसरं म्हणजे, जिन्याची साखळी खेळ संपायच्या दहा मिनिटं आधी काढायला लागलो. अकरा आठवड्यांत त्या जिन्याने परत कुणी उतरलं नाही.

दुकानवाला अजून येतो. गेल्या महिन्यात भुताच्या सिनेमाला आला होता, बाल्कनीत, नेहमीच्या जागी. मध्यंतराच्या थोडं आधी एक दणका आहे. मी आवाज साडेसहापर्यंत नेला. तो खुर्चीतून निम्मा उठला, शेजाऱ्याचा दंड पकडला आणि असा ओरडला की खालच्या वर्गातली पोरं मागे वळून हसायला लागली. मग तोही हसला. इंटरव्हलला केबिनच्या दाराशी येऊन म्हणाला, ‘अहो, आवाज जरा कमी ठेवा, आमचं काळीज नाजूक आहे.’

मी साडेपाचावर आणला.