आबा टिपरे, तात्या विंचू आणि बाबुली

रविवार, रात्री उशिरा.

'दशावतार' दुसऱ्यांदा पाहिला. त्यात दिलीप प्रभावळकरांनी केलेला बाबुली मेस्त्री काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

प्रभावळकरांचा जन्म ४ ऑगस्ट १९४४चा. म्हणजे २०२५मध्ये हा सिनेमा आला तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. बाबुली म्हणजे कोकणातला म्हातारा दशावतारी कलावंत, डोळ्यांनी अधू होत चाललेला. मुलगा म्हणतो, पुरे आता. पण रंग लागला की याच्या अंगात काहीतरी संचारतं. पाहताना मला 'हसवाफसवी'तले कृष्णराव हेरंबकर आठवले. संगीत नाटकांच्या जमान्यातले ते थकलेले वयोवृद्ध गायकनट प्रभावळकरांनी स्वतः लिहिले आणि केले, तेव्हा ते स्वतः ऐन भरात होते. त्याच नाटकात आणखी पाच भूमिका. आत गेले की वेगळं माणूस बाहेर येणार, हे प्रेक्षकाला ठाऊक असायचं, तरी दरवेळी फसायला व्हायचं. पण कृष्णराव आले की हसणारं सभागृह हळूहळू गप्प व्हायचं. तरुणपणी केलेलं म्हातारपण मेकअपवर निभावून नेता येतं. त्यांनी तसं केलं नाही. शब्द सापडेपर्यंतचा थांबा, मध्येच जुन्या आठवणीत हरवलेली नजर, मग एकदम आलेलं भान, हे सगळं त्यांनी कुठेतरी नीट बघून ठेवलेलं असणार. बाबुली करताना वय हाताशी आलेलं होतं, तरी त्यांनी वयाच्या जिवावर भूमिका सोडून दिली नाही. हे मला फार मोठं वाटतं.

विज्ञान शिकलेला, औषध कंपनीत नोकरी केलेला हा माणूस. निरीक्षणाची शिस्त तिकडून आली असेल का? असेलही.

'चौकट राजा' (१९९१) मात्र मला अजून सलग बघवत नाही. लहानपणी झाडावरून पडून मेंदूला इजा झालेला नंदू. अशी भूमिका मिळाली की भलेभले नट हातवारे वाढवतात, रडवायला निघतात. नंदूचं तोंड जरा उघडं, मान किंचित कललेली, आणि बालमैत्रीण मुन्नी दिसली की चेहऱ्यावर जो आनंद फुटतो तो अगदी पोराचा. नंदूची कीव करा असं ते आपल्याला एकदाही सुचवत नाहीत. शेजारी सुलभा देशपांडेंसारखी आई. त्या दोघांच्या प्रसंगांत कोण अभिनय करतंय हेच विसरायला होतं.

आणि दोनच वर्षांनी तोच माणूस 'झपाटलेला'त तात्या विंचू! बाहुला रामदास पाध्यांचा, आवाज यांचा. आमच्या पिढीची अर्धी पोरं त्या आवाजाला घाबरून पांघरुणात शिरायची. त्याच गळ्यातून २००६मध्ये 'लगे रहो मुन्नाभाई'तले गांधीजी बोलले. किती हळू, किती साधं. महात्म्याची नक्कल नाहीच, घरातल्या एखाद्या समजूतदार वडीलधाऱ्यासारखं बोलणं. त्या वर्षी 'शेवरी' आणि 'लगे रहो'साठी सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तरी रस्त्यात लोकांनी त्यांना बघून काय म्हणावं? बहुतेक जण 'आबा'च म्हणतील. टीव्हीवर चि. वि. जोशींचा चिमणराव त्यांनी आधीच घराघरांत नेला होता, पण आबा टिपरे आमच्यातलेच होऊन गेले. आबांची 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका ज्या 'अनुदिनी' या लेखनावरून आली तेही त्यांचंच. टिपऱ्यांच्या घरातलं प्रत्येक जण रोजनिशी लिहितं. एकच प्रसंग आजोबांना एक दिसतो, नातवाला भलताच. एका घरातली एवढी माणसं ज्याला आतून लिहिता येतात, त्याने 'हसवाफसवी'त सहा भूमिका केल्या यात मग नवल वाटत नाही.

मला वाटतं मर्म इथंच आहे. चेहरा बदलणं रंगभूषाकार करून देतो. समोरचा माणूस, मग तो वेडाबागडा असो, खुनशी असो की नुसताच चिडका म्हातारा, त्याच्या बाजूने जग कसं दिसतं हे नटालाच शोधावं लागतं. प्रभावळकर ते मराठी नाटकात, मालिकेत, सिनेमात इतकी वर्षं शोधत आलेत, आणि स्वतःचा शिक्का कुठेच उमटू देत नाहीत. त्यामुळेच असेल, त्यांच्या पिढीतल्या मोठ्या नटांची नावं घेताना त्यांचं नाव पुष्कळदा उशिरा येतं. मला याचा राग येतो. माझ्या यादीत ते पहिले आहेत, आणि 'दशावतार' आला नसता तरी असते.