41 तारे आणि कोरा कागद

लेकीने टॅबवरच्या ॲपमध्ये टिंबांवरून ‘क’ गिरवून 41 तारे मिळवले होते. ते दाखवायला ती धावत आली, तेव्हा मी हातातला कागद पुढे केला आणि म्हटलं, “इथे काढ बघू.” तिने आधी डोक्यावरची रेघ मारली. मग दंड खालून वर नेला. उजवीकडचा आकडा काढला आणि थांबली. डावीकडच्या पोटाचं काय करायचं, हेच तिला आठवेना. “इथे टिंबं का नाहीत?” असं मात्र तिने विचारलं.

माझं पोटापाण्याचं काम ॲप तपासायचं. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो आणि घरातलं ॲप दोन महिने मी उघडूनही पाहिलं नव्हतं! त्या रात्री ती झोपल्यावर बसले. ‘क’ उघडला आणि तीन बोटांनी पाटी पुसावी तसा घासला. तारा. उलट्या दिशेने गिरवला. तारा, वर टाळ्या. अक्षराच्या आतला भाग रंगला की नाही, एवढंच ते ॲप पाहत होतं. रेघ कुठून निघाली, कुठे वळली, हात कुठे उचलला, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. म्हणजे माझी लेक दोन महिने लिहीत नव्हती, रंग भरत होती.

मग दुसरी दोन-तीन ॲप पाहिली. एकात बाण होते, उलट गेलं तर रेघ उमटतच नसे. हे बरं. पण टिंबं तिथेही शेवटपर्यंत होतीच, आणि खरी मेख तिथे आहे. इंडियाना विद्यापीठातल्या कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांचा 2012 मधला एक अभ्यास मी तेव्हा वाचला. वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांनी काही अक्षरं हाताने लिहिली, काही टिंबांवरून गिरवली, काही टाइप केली. नंतर तीच अक्षरं पाहताना त्यांच्या मेंदूचं स्कॅन घेतलं. पुढे वाचनासाठी जे भाग कामाला लागतात, ते हाताने मोकळं लिहिलेल्या अक्षरांनाच जागे झाले. गिरवलेल्यांना नाही, टाइप केलेल्यांनाही नाही. मुलांचं अक्षर दर वेळी वेगळंच वाकडं येतं, आणि त्या वाकडेपणातूनच अक्षरात काय बदललं तरी चालतं आणि काय नाही ते मुलांना कळत असावं, असं या संशोधनामागचं म्हणणं आहे. टिंबं तो वाकडेपणाच येऊ देत नाहीत.

दुसरी भानगड हाताची. मनगट काचेवर टेकलं की आमच्या टॅबवर रेघ भलतीकडे उडी मारायची, म्हणून लेकीने कोपर हवेत धरायची सवय लावून घेतली. कागदावरही ती तशीच लिहायला लागली, आणि चार अक्षरांत हात दुखला म्हणून उठली. शिवाय बोटाने गिरवताना पेन्सिलीची चिमूट कुठून येणार? मारिया माँटेसरींच्या पद्धतीतही मुलं अक्षरांवरून बोटच फिरवतात, पण ती अक्षरं सँडपेपरची असतात. बोट घसरलं की लगेच कळतं. काच सगळीकडे सारखीच गुळगुळीत.

एवढं ऐकून कुणाला वाटेल, मी टॅब कपाटात टाकला. नाही टाकला. कारण वाचनाच्या बाबतीत त्याने माझ्यापेक्षा चांगलं काम केलं. एका खेळात मात्रा उचलून अक्षरापाशी न्यायची असते. लेकीने ‘क’च्या उजवीकडे पहिली वेलांटी नेऊन सोडली, तर ती टुणकन डावीकडे जाऊन बसली आणि ॲप म्हणालं, “कि.” ती खदाखदा हसली. मग म, स, प, सगळ्यांना वेलांट्या लावत सुटली. बोलताना मागून येणारा स्वर लिहिताना आधी बसतो, हे मी बडबडून सांगितलं असतं तर तिने जांभई दिली असती. आता कागदावर ती वेलांटीसाठी डावीकडे आठवणीने जागा सोडते. कधीकधी दोन अक्षरं मावतील एवढी.

तेव्हा सध्या आमचं असं चालतं. टॅबवर अक्षर कसं वळतं ते दोनदा पाहायचं, टॅब पालथा घालायचा, खडूने फरशीवर मोठं काढायचं, मग कागदावर. अ पासून सुरुवात करायचा ॲपचा हट्टही मी सोडून दिला, कारण अ हे काढायला चांगलंच अवघड अक्षर आहे. आम्ही ग, म, भ, न घेतले. मग व, ब, क. तारे बंद झाले म्हणून आठवडाभर रुसवा होता, तो गेला.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. ॲपमधला ल दंडाचा, हिंदी वळणाचा आहे, आणि शाळेत बाई काढतात तो पाकळ्यांचा. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन्हींचा क्रमांक एकच, कुठला दिसणार ते फाँट ठरवतो. मराठी वळणाचा फाँट बसवणं हे बनवणाऱ्यांसाठी फार मोठं काम नाही. मी तसं लिहून कळवलं, सोबत दोन्ही ल चे फोटो जोडले. “आपल्या सूचनेबद्दल आभार” एवढं उत्तर आलं.

काल तिने कुणी न सांगता ‘लाल’ लिहिलं. पहिला ल बाईंचा, दुसरा टॅबचा. मी काही बोलले नाही. कागद फ्रिजवर लावलाय.