नागरिकशास्त्राच्या बाई

हीरक महोत्सवाचं पत्र हातात पडलं आणि शाळेच्याही आधी बाई आठवल्या. नागरिकशास्त्राच्या बाई म्हटलं की आमच्या वेळच्या कुठल्याच बॅचला नाव सांगावं लागत नाही. गॅदरिंग, खो-खोच्या मॅचेस, जुन्या इमारतीतला जिना यांवर इतर जण लिहितीलच. मला बाईंविषयीच लिहायचं आहे.

मार्च १९७७. आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्या मृणालताई गोरे उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या होत्या. पाणीवाली बाई म्हणजे मृणालताई आणि दिल्लीवाली म्हणजे इंदिरा गांधी; 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' असं आम्ही वर्गात ओरडत असतानाच बाई आत आल्या. रागावल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर तीन रकाने आखले: महापालिका, विधानसभा, लोकसभा. खाली वर्षं लिहिली, १९६१, १९७२, १९७७. "मृणालताई तिन्ही ठिकाणी निवडून आल्यात. नळाला पाणी देते महापालिका. मग आता दिल्लीत जाऊन त्या काय करणार?" सगळा वर्ग गप्प. बाईंनी उत्तर दिलं नाही. "उद्या आईला विचारून या," म्हणाल्या.

आमच्या गोरेगावच्या आयांना हे विचारायचं म्हणजे! महागाईविरुद्धच्या लाटणे मोर्चात त्यातल्या कितीतरी जणी गेलेल्या. मृणालताईंबरोबर तेव्हा रस्त्यावर उतरलेल्या अहिल्याताई रांगणेकरही त्याच निवडणुकीत लोकसभेत गेल्या. प्रमिलाताई दंडवते पुढे १९८० ला. दुसऱ्या दिवशी कुणाच्या आईने रॉकेल सांगितलं होतं, कुणाच्या आईने साखर. माझी आई म्हणाली होती, "रेशनच्या तांदळात एवढे खडे का, ते विचारा म्हणावं." बाई एकेक उत्तर रकान्यात भरत गेल्या आणि माझ्यापाशी थांबल्या. धान्य पुरवतं केंद्र, वाटप बघतं राज्य. आईचं वाक्य त्यांनी दोन रकान्यांच्या बरोबर मधल्या रेघेवर लिहिलं आणि म्हणाल्या, "तुझ्या आईने अवघड प्रश्न काढलाय." घरी हे सांगितलं तेव्हा चौथी शिकलेली माझी आई दिवसभर खुशीत होती. इतका मान तिला कुणी दिला नव्हता.

मी आज सोनोग्राफी करते. 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी माझ्या दवाखान्यात दारातच आहे. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून राष्ट्र सेवा दलाच्या कामात उतरलेल्या मृणालताई १९८५ ला पुन्हा विधानसभेत गेल्या आणि गर्भलिंगचाचणीविरुद्ध त्यांनी अशासकीय विधेयक मांडलं. १९८८ ला महाराष्ट्राने देशातला असा पहिला कायदा केला. केंद्राचा आला १९९४ ला. दिल्लीच्या आधी मुंबईत झालेलं हे काम बाईंनी कुठल्या रकान्यात लिहिलं असतं, हे त्यांना विचारायचं राहून गेलं. निवृत्तीनंतर त्या गावी गेल्या. माझ्या क्लिनिकच्या उद्घाटनाला त्यांनी यायला हवं होतं, फार हवं होतं.

२०१२ ला मृणालताई गेल्या. आता त्यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे, त्यावरून शाळेच्या मुलांच्या बस जातात. त्यातल्या किती मुलांना आपला नगरसेवक माहीत आहे? परीक्षा जवळ आली की नागरिकशास्त्राचा तास गणिताला जातो, असं भाची सांगते. याचं मला मनापासून वाईट वाटतं. समितीने तो तास राखावा. शनिवारी सकाळी दवाखाना बंद असतो; महापालिकेचं अंदाजपत्रक घेऊन नववीच्या वर्गावर यायला मी तयार आहे.