जेरी कॉटन आणि 'संदर्भ हवा'

माइन नदीकाठच्या शनिवारच्या जुन्या बाजारात ती पुस्तिका मला दोन युरोला मिळाली. साठ-पासष्ट पानं, पाठीला दोन स्टेपल, दोन स्तंभांत बारीक छपाई. जेरी कॉटन, म्हणजे जर्मन रहस्यकथांचा एफबीआयवाला नायक, हे नाव मुखपृष्ठावर ठसठशीत, पण लेखक कोण ते आत-बाहेर कुठेच नाही. जर्मन लोक अशा पुस्तिकांना 'ग्रोशेनरोमान' म्हणतात. ग्रोशेन म्हणजे दहा फेनिगचं नाणं, आपल्याकडे 'चार आण्याची कादंबरी' म्हणावं तसं. आजोळच्या माळ्यावर बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा गठ्ठा असायचा, त्यामुळे हा प्रकार मला परका वाटला नाही.

घरी येऊन विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशातला जेरी कॉटनवरचा इंग्रजी लेख उघडला. लेख लांबलचक होता आणि वर पिवळी पाटी: पुरेसे संदर्भ नाहीत. खाली संदर्भ तीनच, दोन चाहत्यांच्या पानांचे आणि एक प्रकाशकाच्या जाहिरातीचा. म्हटलं, एका रविवारचं काम आहे. पुढे चार महिने गेले.

पहिला घोळ सालाचा. वरच्या परिच्छेदात सुरुवात १९५४ ची, खाली १९५६ ची. मी उत्साहात एक साल खोडलं आणि दुसऱ्या दिवशी एका जुन्या संपादकाने माझा बदल उलटवून टाकला. राग आला, पण बरोबर तोच होता. १९५४ मध्ये हा एफबीआयचा माणूस 'बास्टाय क्रिमिनालरोमान' या मालिकेच्या ६८ व्या अंकात पहिल्यांदा आला. त्याची स्वतःची मालिका निघाली १९५६ मध्ये. दोन्ही सालं खरी, फक्त कशाचं कोणतं ते कुणी लिहिलं नव्हतं.

मग खपाचा आकडा. कोटींतला तो आकडा एका वृत्तपत्रात सापडला तेव्हा मी जवळजवळ नाचलेच. नंतर वाक्यरचना ओळखीची वाटली म्हणून लेखाचा इतिहास उलगडला. तेच वाक्य ज्ञानकोशात त्या बातमीच्या तीन वर्षं आधी कुणीतरी संदर्भाशिवाय घातलेलं! पत्रकाराने आमच्याकडून उचललं आणि मी त्यालाच साक्षीदार म्हणून उभं करत होते. शेवटी 'प्रकाशकाच्या म्हणण्यानुसार' एवढं जोडून आकडा ठेवला.

खरा आधार मिळाला तो वाचनालयात. फ्रँकफुर्टच्या जर्मन राष्ट्रीय ग्रंथालयात काहीही घरी नेता येत नाही. मागणी नोंदवायची आणि वाचनकक्षात बसूनच वाचायचं. साठ-सत्तरच्या दशकांत जर्मन विद्यापीठांमध्ये 'ट्रिव्हियाललितेरातुर' म्हणजे हलक्या साहित्याच्या अभ्यासाची लाटच आली होती. त्यातलं पेटर नुसर यांचं १९७३ चं पुस्तक मागवलं. त्याच्या शीर्षकाचा अर्थच 'खालच्या वर्गासाठीच्या कादंबऱ्या' असा होतो! एवढ्या तुच्छतेचं नाव असलं तरी चाहत्यांच्या शंभर पानांपेक्षा ज्ञानकोशाला हेच चालतं, आणि हे मला अजूनही थोडं खटकतं. 'श्पीगेल' साप्ताहिकाचे जुने लेखही जालावर वाचता येतात, त्यांचाही उपयोग झाला. चित्रपटांचा भाग मात्र तासाभरात उरकला: कॉटनची भूमिका करणाऱ्या जॉर्ज नेडरचे १९६५ ते १९६९ मधले आठ चित्रपट, त्यांच्या नोंदी सगळीकडे आहेत.

सर्वांत छळलं ते लेखकांनी. कॉटन 'मी' म्हणून गोष्ट सांगतो, त्यामुळे लेखकाचं नाव छापायचंच नाही ही बरीच वर्षं प्रथा. पात्राचा जनक डेल्फ्रीड काउफमान हे पक्कं, पण त्याच्यामागे लिहिणारे शंभराहून जास्त. लेखात त्यांच्यापैकी चाळीस-एक नावांची यादी होती आणि आधार एकालाही नव्हता. ती पुसताना हात अडखळला, कारण बहुतेक नावं खरी असणार याची मला खात्री होती. तरी पुसली आणि चर्चा पानावर, म्हणजे लेखाबद्दल संपादक जिथे बोलतात त्या पानावर, नेऊन ठेवली. लगेच एका चाहत्याचा संतापलेला निरोप आला, 'हे तर सगळ्यांना ठाऊक आहे.' मी लिहिलं, 'मलाही ठाऊक आहे, पण कुठल्या पानावर?'

पाच दिवसांनी दोन नावांपुढे कुणीतरी पुस्तक आणि पान क्रमांक टाकून गेलं. त्या दोघांना मी लेखात परत घेतलं. बाकीचे अजून चर्चा पानावरच थांबलेत.