घर स्टेशनच्या कुठल्या बाजूला?

नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगरकडून मुंबईत नोकरी लागते, कुटुंब हलवायचं ठरतं आणि घरात यादी सुरू होते: ठाणे परवडत नाही, डोंबिवली बघू, नाहीतर बदलापूर, वसई, पनवेल. सगळी चर्चा गावाच्या नावावर चालते. पण रोजचे हाल किंवा सुख ठरतं ते घर ते स्टेशन या शेवटच्या किलोमीटरवर, आणि घर रुळांच्या कुठल्या बाजूला आहे यावर. पूर्वेला रामनगरमध्ये राहणारा आणि कल्याण-शीळ रस्त्यावरच्या टॉवरमध्ये राहणारा, दोघंही पत्ता सांगताना डोंबिवलीच सांगतात. पहिल्याची लोकल चुकली तर तो पुढची पकडतो. दुसऱ्याची लोकल रिक्षाच्या रांगेतच चुकलेली असते.

सुरुवात ऑफिसपासून करा. ऑफिस 'मुंबईत' आहे म्हणून काहीच कळत नाही. उतरायचं स्टेशन कोणतं ते लिहून काढा. फोर्टला जायचं असेल तर मध्य रेल्वे सरळ नेऊन सोडते. बीकेसीसाठी (वांद्रे-कुर्ला संकुल) कुर्ल्याला उतरून पुढे बस किंवा शेअर रिक्षा, पश्चिम रेल्वेने आलात तर वांद्र्याहून तेच. अंधेरी-सीप्झच्या बाजूला ऑफिस असेल तर घाटकोपरला उतरून मेट्रो १. लोअर परळला जायला दादरला गाडी बदलण्यापेक्षा बरेच जण स्लोने, म्हणजे प्रत्येक स्टेशनला थांबणाऱ्या लोकलने, करी रोडला उतरून चालत जातात. ऐरोली, घणसोली, महापे असेल तर ठाण्याला ९-१० नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून नवी मुंबईकडे जाणारी ट्रान्स हार्बर लोकल. नवरा-बायको दोघंही नोकरी करत असतील तर दोघांच्या वाटा एकाच कागदावर काढा. एक फोर्टला आणि एक ऐरोलीला असेल तर ठाणे-डोंबिवली पट्टा दोघांनाही बसतो. एक अंधेरीला आणि दुसरा बेलापूरला असेल तर कुणाला तरी त्रास होणारच. मग ज्याला संध्याकाळी मुलाला आणायचंय त्याची वाट सोपी ठेवा. गाडी एकदा बदलणं निभतं. दोनदा बदलायची वेळ आली की महिन्याभरात माणूस खोली शोधायला लागतो.

आता अंतराचा मुद्दा. सीएसएमटीपासून (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, फोर्टचं स्टेशन) ठाणे ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८, कल्याण ५४, अंबरनाथ ६०, बदलापूर ६८. कागदावर कल्याण-बदलापूर हे १४ किलोमीटर किरकोळ दिसतात. पण कल्याणला मार्ग फुटतो, काही गाड्या कसाऱ्याकडे वळतात, काही बदलापूरवरून कर्जतकडे, आणि बऱ्याच गाड्या कल्याणलाच संपतात. त्यातच पुण्याच्या मेल-एक्स्प्रेसही त्याच रुळांवरून. त्यामुळे बदलापूरची गाडी चुकली तर ती 'पुढची' किती मिनिटांनी येते हे दुपारी आणि रात्री दहानंतर स्वतः उभं राहून बघा. पनवेलचं उलटं. ते सीएसएमटीपासून ४९ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ डोंबिवलीइतकंच. पण पनवेलला जाणाऱ्या हार्बर मार्गावर फास्ट नाही, प्रत्येक स्टेशन घेत जायचं. ठाकुर्ली आणि कोपरला घर थोडं स्वस्त मिळतं, कारण तिथे फास्ट थांबत नाही. इस्टेट एजंट हे आपण होऊन सांगत नाही.

हिशेब घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत करायचा. डोंबिवली पूर्वेला स्टेशनपासून ९०० मीटरवर घर आणि ऑफिस फोर्टात, असं धरू. चालणं १२ मिनिटं, जिना आणि प्लॅटफॉर्म ५, गाडीची वाट ६, फास्ट लोकल साधारण ७०, सीएसएमटीचा सबवे आणि पुढचं चालणं १२. झाली १०५ मिनिटं. बदलापूरला स्टेशनपासून अडीच किलोमीटरवर घर घेतलं तर रिक्षा आणि तिची रांग १५, जिना ५, वाट १५, गाडी १००च्या आसपास, शेवटचं चालणं तेच १२. बेरीज दीडशेच्या घरात जाते. फरक ४५ मिनिटांचा, तोही एका बाजूचा. महिन्याला २४ दिवस धरले तर ३६ तास. भाड्यात वाचलेले पैसे या ३६ तासांनी भागा, मग आकडा बोलायला लागतो. बदलापूर वाईट आहे असं अजिबात नाही. तिथे स्टेशनपासून चालत ८ मिनिटांवर घर मिळालं तर डोंबिवलीच्या लांबच्या टॉवरपेक्षा ते कधीही बरं.

गर्दीचं गणित या हिशेबात दिसत नाही. डोंबिवलीला सकाळी आठ ते नऊ या वेळात गाडी येते, पण चढता येतंच असं नाही. म्हणून डोंबिवलीहूनच सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा पाठ असाव्या लागतात. काही जण आधी कल्याणला जातात आणि त्याच गाडीने 'रिटर्न' येतात, म्हणजे बसायला मिळतं. तसं करायचं असेल तर पास कल्याणपासूनचा काढा. डोंबिवलीच्या पासावर कल्याणला जाणं म्हणजे विनातिकीट प्रवास, आणि टीसीला तुमची बसायची हौस ऐकायची नसते. तीन महिन्यांचा पास महिन्याच्या २.७ पटीत येतो, पण पहिल्या महिन्यात मोह टाळा. स्टेशन, वर्ग, वाट यातलं काहीतरी बदलतंच.

आता मूळ मुद्दा, बाजूचा. या सगळ्या गावांना रेल्वेने उभं चिरलंय. पूर्व आणि पश्चिम ही दोन वेगळी गावंच समजा. रूळ ओलांडायचे म्हणजे चाळीसेक पायऱ्या चढा, तेवढ्याच उतरा. गाडीने जायचं तर डोंबिवलीत कोपर किंवा ठाकुर्लीच्या पुलाला वळसा. ऑफिसला जाणाऱ्याला याचं काही वाटत नाही, त्याला प्लॅटफॉर्मसाठी तसाही जिना चढायचाच असतो. पण शाळा पलीकडे असली तर सात वर्षांचं मूल दप्तर घेऊन त्या गर्दीतून रोज दोनदा जाणार. आजींचा दवाखाना पलीकडे असला तर त्या गुडघ्यांमुळे तपासणी पुढे ढकलत राहणार. म्हणून शाळा, भाजी, डॉक्टर आणि घर एका बाजूला असावं. फक्त नोकरीने रूळ ओलांडावेत.

'स्टेशनपासून ५ मिनिटं' ही जाहिरात बाइकवर बसून लिहिलेली असते. धडधाकट माणूस मिनिटाला ८० मीटर चालतो, लहान मुलाचा हात धरला की ५०. नकाशावर काढलेलं वर्तुळ फसवतं, कारण मध्ये नाला असतो, कारखान्याची भिंत असते, किंवा ज्या सोसायटीतून शॉर्टकट दिसतो तिच्या गेटवर वॉचमन असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. ती मोजायला टेप न्यायची गरज नाही. जुलैत जा आणि दोघांनी छत्र्या उघडून शेजारी शेजारी चाला. छत्र्या एकमेकींना किंवा दुकानाच्या पत्र्याला लागल्या नाहीत तर रस्ता पास. बहुतेक ठिकाणी तिसऱ्या मिनिटाला एकाला गटाराच्या झाकणावर उतरावं लागतं. ते झाकण जागेवर आहे का तेही तेव्हाच कळतं. स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाले नकोत असा उच्च न्यायालयाचा २०१७चा निर्णय आहे. संध्याकाळी साडेसातला फलाटावरून बाहेर पडताना तो आठवून बघा, करमणूक होईल.

दुसरी परीक्षा दळणाची. पाच किलो गव्हाचा डबा उचलून गिरणीत टाकायचा, तासाभराने परत आणायचा, रिक्षा न करता. हे जमत असेल तर दूध, कोथिंबीर, औषधं आणि झेरॉक्सही आपोआप चालत्या अंतरावर असतात, कारण गिरणी कधी एकटी नसते. नव्या टाउनशिपमध्ये क्लबहाऊस असतं, पोहण्याचा तलाव असतो आणि पीठ ॲपवरून मागवावं लागतं.

या सगळ्याची पाहणी रविवारी करू नका. रविवारी मेगाब्लॉक असतो (दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद), रस्ते रिकामे असतात, गाव पाहुण्यांसमोर असावं तसं शहाण्यासारखं वागतं. कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसातला ऑफिसच्या स्टेशनवरूनच गाडी पकडून या आणि घरापर्यंत चालत जा. मग रात्री अकराला परत एकदा. तेव्हा वाटेतले दिवे लागलेले आहेत का, एखादं मेडिकल तरी उघडं आहे का, स्कायवॉकवर माणसं आहेत का, आणि शेअर रिक्षावाला 'स्पेशल' किती मागतो ते बघा. घरातल्या बाईची शिफ्ट उशिरा सुटत असेल तर ही अकराची फेरी बाकी सगळ्या पाहणीपेक्षा महत्त्वाची, आणि ती तिनेच करून ठरवायचं.

शाळेबद्दल एक गोष्ट नवीन येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवावेत असा निर्णय शासनाने २०२४ मध्ये काढला. मुलासाठी चांगलंच आहे, पण ७:५०ची फास्ट पकडणारे आई-बाबा नऊच्या शाळेत सोडणार कसे? मग आजी-आजोबा, पाळणाघर किंवा स्कूलव्हॅन, यापैकी एक धरावंच लागतं; आजोबा सोडणार असतील तर शाळा ६०० मीटरच्या आत बघा. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के जागांसाठी अर्ज करणार असाल तर घरापासून एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी आणि मग तीन किलोमीटरपर्यंतच्यांना संधी असते, त्यामुळे भाडेकरार कुठल्या पत्त्याचा आहे याला किंमत येते. खासगी शाळांचे बालवर्ग आणि पहिलीचे प्रवेश डिसेंबर-जानेवारीतच सुरू होतात. जूनला येऊन बघू म्हणणाऱ्यांना उरलेली शाळा मिळते, आणि ती हमखास पलीकडच्या बाजूला असते. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून पहिली ते आठवीचा प्रवेश अडवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यातच आहे; दाखल्यासाठी मुक्काम लांबवू नका.

पाण्याचं विचारायचं ते दोन्ही अर्थांनी. नळाला किती वेळ येतं हे एजंट सांगेल, घरात किती येतं हे वाण्याला विचारा. २६ जुलै २००५ला आणि पुन्हा २०१९च्या जुलैत उल्हास नदी फुगली. २०१९ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती. बदलापूरला नदीकडच्या भागात, किंवा अंबरनाथपासून कल्याणपर्यंत वालधुनीच्या काठाने घर बघत असाल तर तळमजल्यावरच्या दुकानदाराला एवढंच विचारा, 'त्या वर्षी पाणी कुठवर आलं होतं?' तो बोलणार नाही, शटरवर हात लावून दाखवेल.

गावांची क्रमवारी लावायची तर आमचं मत सरळ आहे. जुनं ठाणे, नौपाड्याचा भाग, चालण्यासाठी सगळ्यात चांगला आणि म्हणूनच महाग. त्याखालोखाल डोंबिवली पूर्व, स्टेशनपासून किलोमीटरभरातलीच. रस्ते अरुंद, पण सगळं हाताशी. नवी मुंबईत सिडकोने सेक्टरागणिक बाजार, शाळा आणि बाग ठेवली, म्हणून नेरुळ किंवा नवीन पनवेलसारख्या ठिकाणी स्टेशनलगतचा सेक्टर मिळाला तर मुलं एकटी बागेत जाऊ शकतात. नवीन पनवेलकडे लोक उगाच दुर्लक्ष करतात. खारघर देखणं आहे, फुटपाथही रुंद, पण आतले सेक्टर स्टेशनपासून तीन-चार किलोमीटर. २०२३ला बेलापूर-पेंधर मेट्रो सुरू झाल्यापासून तिच्या स्टेशनलगतच्या सेक्टरांना अर्थ आलाय, बाकीच्यांना रिक्षा आहेच. वसईत 'वसई गाव' आणि वसई रोड स्टेशन यात पाचेक किलोमीटरचं अंतर आहे. वाड्या, विहिरी, समुद्र बघून हरखून घर घेतात आणि मग रोज दोन्ही वेळा बसची वाट बघतात.

येणाऱ्या मेट्रोच्या भरवशावर भाडं जास्त देऊ नका. ठाणे-भिवंडी-कल्याण किंवा कल्याण-तळोजाचं काम चालू आहे म्हणजे तुमच्या मुलाच्या पहिलीत गाडी धावेल असं नाही.

पहिल्या वर्षी विकत घेऊच नका. शिवाय कल्याण-डोंबिवलीत खोट्या परवानग्यांवर रेराची (बांधकाम प्रकल्पांवरचं नियामक प्राधिकरण) नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचं प्रकरण २०२४ला उच्च न्यायालयात गाजलं आहे; नुसता रेरा क्रमांक पुरत नाही, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र महापालिकेकडून पडताळून घ्यावं लागतं, आणि त्याला वेळ जातो. तोवर ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, नोंदणी करूनच. त्यातली लॉक-इनची, म्हणजे ज्या मुदतीआधी घर सोडता येत नाही तिची, ओळ वाचा. मे महिन्यात आलात आणि लॉक-इन सहा महिन्यांचं असेल तर ते ऑक्टोबरअखेर सुटतं. अख्खा पावसाळा, गणपतीतली गर्दी आणि पहिली सहामाही तोवर बघून होते. घर बदलावंसं वाटलं तर शाळा तीच ठेवून तिच्याभोवती अर्ध्या किलोमीटरात दुसरं शोधा. त्यासाठी एजंटपेक्षा गिरणीवाला जास्त कामाला येतो, कुणाचं घर दिवाळीनंतर रिकामं होणार आहे ते त्याला आधी कळतं.